तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. भाचीच्या डोहाळजेवणासाठी मी, माझा नवरा आणि नाशिकहून आलेली आई असे तिघं ओहेअरहून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला गेलो. जाण्यायेण्याचं तिकीट एकत्रच काढलं होतं. तेव्हा मोठं विमान दाखवलं होतं. महिनाभर आधी ते बदलून छोटं जेट झाल्याचा ईमेल आला, मी दुर्लक्ष केलं. विमानतळावर कळलं की ते विमान वेगळीच कंत्राटी कंपनी चालवते. ‘वर मावणार नाही’ म्हणून आईची चाकांची बॅग विमानाच्या दारातच काढून घेतली. नवऱ्याचा बोर्डिंग पास स्कॅन होऊन तो आत निघाला होता, त्याला ‘वजन जास्त होतंय’ म्हणून परत बोलावलं. कोण थांबायला तयार आहे, असं कुणालाच विचारलं नाही. तो पाच तासांनी पोचला, तोवर ओटी भरून झाली होती. नंतर त्याला ईमेलवर २०० डॉलरचं व्हाउचर आलं. बॅग दोन दिवसांनी मिळाली, कुलूप तुटलेलं. पुतळीहार, दोन पाटल्या, एक पैठणी आणि आईच्या श्रवणयंत्रांची जोडी गायब. विमानात कानांना दडे बसतात म्हणून तिने यंत्रं काढून ठेवली होती. परतताना मोठं विमान होतं, काहीच त्रास झाला नाही. तिकीट विकणारी कंपनी म्हणते विमान आमचं नव्हतं, विमानवाली म्हणते तिकीट आमचं नव्हतं. दावा कुणावर लावायचा? आणि इतक्या गर्दीच्या मार्गावर छोटं विमान लावणं ही फसवणूक नाही का?

उत्तर : ताई, कंत्राटी कंपनीला ईमेल पाठवणं आजपासून बंद करा. तिच्याशी तुमचं देणंघेणं नाही.

आपल्याकडची शिवशाही आठवा. त्यातल्या काही गाड्या कंत्राटदाराच्या होत्या, ड्रायव्हरही त्याचाच, पण तिकीट एसटीचं. इथेही तसंच. मोठी कंपनी भाडं ठरवते, वेळापत्रक आखते, आसनं विकते. कंत्राटी कंपनी विमान, वैमानिक आणि देखभाल पुरवते आणि ठरलेला मोबदला घेते. स्कायवेस्टसारखी कंपनी तर युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का अशा चौघींसाठी एकाच वेळी उडते. तुमचा करार झाला तो तिकीट विकणारीशी, आणि ‘एक्सप्रेस’, ‘कनेक्शन’, ‘ईगल’ अशा आपल्या नावांखाली उडणारी विमानं या कंपन्या आपल्याच करारनाम्यात धरतात. तो करारनामा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. उतरवून घ्या आणि ‘विमान आमचं नव्हतं’ म्हणणाऱ्या माणसाला त्यातलंच कलम पाठवा.

तुमच्याच ओहेअरवरची गोष्ट. एप्रिल २०१७मध्ये लुईव्हिलला निघालेल्या विमानातून एका डॉक्टरांना ओढत बाहेर काढलं होतं, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ते विमान रिपब्लिक या कंत्राटी कंपनीचं होतं आणि जागा हवी होती तीही रिपब्लिकच्याच कर्मचाऱ्यांसाठी. पण त्या डॉक्टरांशी तडजोड केली ती युनायटेडने.

आता फसवणुकीचं. इथे मी तुम्हाला निराश करणार आहे. फेब्रुवारी २००९मध्ये नेवार्कहून बफेलोला जाणारं विमान कोसळून ५० माणसं गेली. तिकिटं आणि रंग कॉन्टिनेन्टलचे, उडवणारी कंपनी कोल्गन. त्यानंतर २०१०मध्ये कायदा झाला की तिकीट शोधल्यावर येणाऱ्या पहिल्याच स्क्रीनवर विमान प्रत्यक्षात कोण चालवणार ते सहज दिसेल असं लिहिलं पाहिजे. विमान बदलल्याच्या त्या ईमेलमध्ये कंत्राटी कंपनीचं नाव असणारच. शोधून पाहा, नसेल तर मला कळवा, मग प्रकरण वेगळं होईल.

नुसतं विमान छोटं झालं म्हणून कायद्याने काही मिळत नाही. २०२४च्या नियमांनुसार देशांतर्गत प्रवासात वेळ तीन तास किंवा जास्त सरकली, मधला थांबा वाढला, विमानतळ बदलला किंवा खालच्या वर्गात बसवलं, तर प्रवास नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. आसनांची संख्या घटणं त्या यादीत नाही, आणि तुम्ही तर प्रवासही केलात. (पायाला जास्त जागा असलेल्या आसनाचे वेगळे पैसे भरून ते आसन मिळालं नसेल, तर तेवढे पैसे मात्र परत मागा.)

गर्दीच्या मार्गावर छोटी विमानं का, यामागेही गणित आहे. लाग्वार्डियावर तासाला किती विमानं उतरणार-उडणार याला सरकारी मर्यादा आहे. कंपन्यांना ठरावीक वेळा वाटून दिलेल्या असतात आणि त्या किमान ८० टक्के वापरल्या नाहीत तर हातच्या जातात. मग मोठं विमान भरणार नसेल त्या वेळेला ७६ आसनांचं पाठवायचं आणि वेळ राखायची. हा ७६चा आकडाही वैमानिकांच्या संघटनांशी झालेल्या करारांतून आलाय. कंत्राटी विमान त्याहून मोठं असता कामा नये. प्रवाशाला हे खटकतं, पण बेकायदेशीर नाही.

तुमच्या प्रकरणात खरा महत्त्वाचा आकडा आहे ६०, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. त्या दिवशीच्या विमानात आसनं किती होती?

तिकीट पक्कं असताना प्रवाशाला त्याच्या मनाविरुद्ध मागे ठेवलं, तर केंद्रीय नियमांनुसार रोख भरपाई द्यावी लागते. देशांतर्गत प्रवासात दोन तासांहून जास्त उशीर झाला तर एकेरी भाड्याच्या चौपट, जास्तीत जास्त २,१५० डॉलर. पण ६० किंवा कमी आसनांच्या विमानात वजनाच्या कारणाने, सुरक्षेसाठी उतरवलं तर ही भरपाई नाही. सीआरजे २०० किंवा ईआरजे १४५ असेल तर आसनं ५०, म्हणजे यजमानांचा रोख भरपाईचा दावा जवळपास संपला. ई १७५ किंवा सीआरजे ९०० असेल तर ७०-७६ आसनं. मग वजनाची ढाल कंपनीला वापरता येत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन आसनं होती, एवढ्यावरून ओळखू येत नाही. त्यातून सीआरजे ५५० नावाचं विमान आहे: सांगाडा सत्तर आसनी, आसनं मात्र ५०. म्हणून अंदाज करू नका. फ्लाइट क्रमांक आणि तारीख टाकून विमानाचा नोंदणी क्रमांक काढा, तो ‘एन’ने सुरू होतो, आणि त्यावरून प्रकार बघा.

कंपनी दुसरं कारण पुढे करेल: ‘मोठ्या विमानाऐवजी छोटं लावावं लागलं.’ ही सूटही नियमात आहे, पण चालवण्यातल्या अडचणीमुळे किंवा सुरक्षेसाठी बदल करावा लागला तरच. महिनाभर आधी, धंद्याच्या सोयीने केलेला बदल त्यात बसत नाही असं माझं मत आहे. यजमानांची जागा छोट्या विमानातच पक्की झालेली होती. शिवाय त्यांचा बोर्डिंग पास स्कॅन झाला होता. त्या २०१७च्या प्रकारानंतर नियम कडक झाले: पास स्कॅन करून आत घेतलेल्या माणसाला सुरक्षा, आरोग्य किंवा गैरवर्तनाचं कारण नसेल तर मागे ठेवता येत नाही. कंपनी वजन हीच सुरक्षा म्हणेल; म्हणू द्या, मग ते कागदावर सिद्धही करावं लागेल. आधी स्वेच्छेने थांबणारे विचारले नाहीत आणि हक्कांची लेखी माहिती हातात दिली नाही, हे दोन्ही पत्रात ठळक लिहा.

आणि ते व्हाउचर वापरू नका. वापरलं की ‘भरपाई स्वीकारली’ असं उत्तर तयारच असेल. यजमानांनी गेटवर कशावर सही केली होती का, तेही विचारा. समजा त्यांचं एकेरी भाडं १४० डॉलर असेल, तर चौपट म्हणजे ५६०. रक्कम मोठी नाही, हे मलाही दिसतं. पण २००च्या व्हाउचरपेक्षा ५६०चा चेक बरा. समारंभ हुकला याचे पैसे मात्र मागू नका. करारनाम्यात अशा नुकसानीची जबाबदारी झटकलेली असते, आणि असल्या मागणीने बाकीचं पत्र हलकं होतं.

आता बॅग. ‘परतताना मोठं विमान होतं’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. देशांतर्गत सामानासाठी कंपनीला आपली जबाबदारी प्रवाशामागे ४,७०० डॉलरच्या खाली आणता येत नाही. हा नियम ६०हून जास्त आसनांच्या विमानांचा आहे, पण त्याच तिकिटावर दुसरा कुठलाही टप्पा मोठ्या विमानाचा असेल तर छोट्या विमानालाही लागू होतो. जाताना अगदी ५० आसनांचं विमान असलं तरी तुमचं तिकीट एकत्र होतं, त्यामुळे आईंना हे संरक्षण आहेच.

पण ती ४,७०० ही वरची मर्यादा, तेवढे मिळतीलच असं नाही. पैठणीची किंमत वापर वजा करून धरतील. आणि दागिने... देशांतर्गत करारनाम्यात दागिने, रोकड, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांची जबाबदारी कंपन्या सरळ नाकारतात आणि तसं त्यांना करता येतं. तुमची बाजू अशी की बॅग आईंनी स्वतःहून दिली नव्हती, हातात ठेवायला आणलेली बॅग दारात घेतली आणि मौल्यवान वस्तू काढून घ्या असं कुणी सांगितलं नाही. ही बाजू मांडा जरूर. पण पुतळीहाराचे पैसे विमान कंपनीकडून मिळतील असा शब्द मी देणार नाही. त्याऐवजी घराच्या विम्याची पॉलिसी काढा. दागिन्यांच्या चोरीवर वेगळी आणि कमी मर्यादा असते, तरी काही मिळू शकतं. तिकीट ज्या क्रेडिट कार्डाने काढलं त्याचेही फायदे तपासा. दोन्हीकडे पोलीस तक्रार लागेल. लाग्वार्डिया पोर्ट अथॉरिटी पोलिसांच्या हद्दीत येतं. कंपनी टीएसएकडे, म्हणजे विमानतळावर सामान तपासणाऱ्या सरकारी सुरक्षा यंत्रणेकडे, बोट दाखवेल. त्यावर उत्तर असं की ही बॅग तपासणीतून तुमच्या हातात परत आलेली होती, त्यानंतर ती कंपनीच्या ताब्यात गेली.

श्रवणयंत्रांचा उल्लेख तुम्ही दागिन्यांच्या मागे, शेवटी केलात. माझ्या यादीत ती पहिली. अमेरिकन नियमांत श्रवणयंत्र हे अपंगत्वासाठीचं सहायक साधन आहे. ते हरवलं तर ४,७००ची मर्यादा लागू होत नाही, घसारा धरता येत नाही, भरपाई मूळ खरेदी किमतीवर. विमान ५० आसनांचं की ३००चं, याने काही फरक पडत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ म्हणून हात झटकायचा प्रयत्न होईल. तिथे अडून राहा. नाशिकच्या दुकानाचं बिल रुपयांत असलं तरी चालेल. पुढच्या वेळी आईंना सांगा, यंत्रं आणि रोजच्या गोळ्या एका छोट्या पिशवीत, अंगाशी. ती पिशवी केबिन बॅगेच्या हिशोबात धरत नाहीत.

अशा पत्रांवर हमखास विचारलं जातं म्हणून सांगते: हाच टप्पा मुंबईपासूनच्या एकाच तिकिटाचा भाग असता, तर आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा मॉन्ट्रियल करार लागला असता. त्यात सामानाची मर्यादा कमी, १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर; पण दागिने वगळण्याचं कलम तिथे टिकत नाही, आणि तिकीट विकणारी व उडवणारी या दोघींपैकी कुणावरही दावा लावता येतो. बॅगेचं नुकसान सात दिवसांत लेखी कळवावं लागतं, दाव्याला दोन वर्षं. आईंचं भारतातून येण्याचं तिकीट वेगळं काढलेलं दिसतं, तेव्हा तुम्हाला हे लागू नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. मोठ्या कंपनीला एकच लेखी तक्रार, तिन्ही विषय वेगळ्या शीर्षकांखाली, मागणीच्या रकमेसह. ३० दिवसांत पोच आणि ६० दिवसांत सविस्तर उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. त्याचबरोबर अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्याकडे तक्रार नोंदवा. खातं तुम्हाला पैसे मिळवून देत नाही, पण फाइल तिथे पोचली की कंपनीचं उत्तर बदललेलं मी अनेकदा पाहिलंय. तरीही जमलं नाही तर इलिनॉयमध्ये १०,००० डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो. तिथे ‘ग्राहकाची फसवणूक’ हे शब्द वापरू नका. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध वोलेन्स या इलिनॉयमधूनच गेलेल्या खटल्यात ठरवलंय की विमान कंपनीवर राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दावा चालत नाही, करारभंगाचा चालतो. म्हणून फक्त करारभंग.

दागिन्यांचं बिल नसेल तर आईंचा पुतळीहार घातलेला एखादा लग्नातला फोटो पाहा. तारीख असलेला असेल तर उत्तम. बॅगेचं तुटलेलं कुलूप आणि दारात लावलेला टॅग जपून ठेवा. आणि कुणालाही पाठवाल त्या प्रतीच पाठवा.