ओट्याला पोर्सेलिन लावावं का?

प्रश्न: ताई, मानेवाड्याला आमच्या घराचं काम सुरू आहे. किचनचा जुना कडप्पा काढून पोर्सेलिनचा ओटा करायचा विचार आहे, बाथरूमात बेसिनखालीही तेच. दुकानदार म्हणतो याला काहीच होत नाही, मिस्त्री म्हणतो फुटतं, ग्रॅनाइटच घ्या. घरी सावजी रस्सा नेहमीचा, डाग पडतील का?

उत्तर: डागांची काळजी सोडा. चिनी माती, फेल्डस्पार, सिलिका दाबून साधारण १२०० डिग्रीला भाजतात, त्यामुळे पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याच्याही आत, मग तर्री सांडली तरी आत शिरणार कुठून, पुसली की गेली. सीलर, म्हणजे डाग आत शिरू नये म्हणून दगडाला लावतात तो थर, मारायची भानगड नाही. क्वार्ट्झच्या ओट्यात दगडाचा चुरा जोडायला रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ असतो म्हणून गरम गंज, म्हणजे पातेलं, ठेवलं की डाग पडू शकतो, इथे ती भीती नाही, तरी खाली काहीतरी ठेवाच.

पण मिस्त्री उगाच नाही घाबरत, याचा जीव कडेत आहे. माझ्या बहिणीकडे १२ एमएमचा स्लॅब लावला, सिंकचं भोक हाताच्या ग्राइंडरने कोरडंच कापलं, कोपरे अगदी काटकोनात, आणि तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यातून भिंतीकडे केसासारखी रेघ, नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही पण नख अडकायचं, मग ती वाढतच गेली. सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यात जमा होतो ना! म्हणून कोपऱ्यात आधी गोल भोक पाडायचं, मग पाणी सोडत डायमंड ब्लेडने कापायचं, आणि खाली सपाट आधार पूर्ण हवा, कुठे पोकळ राहिलं की तिथेच तडा जाणार. कटिंगच्या दिवशी सुट्टी टाका पण घरी थांबा, खरंच सांगते.

डिझाइन बहुतेक वरवरच छापलेलं असतं, टवका उडाला की आतला वेगळा रंग दिसतो आणि ग्रॅनाइटसारखं पॉलिश मारून लपवता येत नाही. फुल बॉडी, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच रंग, आहे का ते विचारा, कापलेला तुकडा हातात घेऊन कड बघा.

बाथरूमात बिनधास्त लावा, तिथे आदळआपट नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा, संगमरवराला ते चालत नाही, याला चालतं.

आणि जुना कडप्पा काढाल तेव्हा दीड-दोन फुटाचा तुकडा ठेवून घ्या, खलबत्ता नि नारळ त्यावर, खाली फरशीवर बसून. नव्या ओट्यावर नको.