पदकं घासू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या तोफखाना संग्रहालयात दर रविवारी येणार म्हणतेस, फार बरं वाटलं. आम्ही सगळे पेन्शनर, पगार कुणालाच नाही. कामं तुझ्या अंगावर पडणारच. फक्त आल्या आल्या ब्रासो आणि फडकं हातात घेऊ नकोस. बक्कल चमकवण्यात उमर गेलेले आमचे सुभेदारसाहेब आग्रह करतील. त्यांना चहा दे आणि विषय बदल.

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल हातात घेशील तेव्हा त्याची कड बघ. राजाचा चेहरा सगळेच बघतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते ती कडेवर. दर घासण्याला थोडा धातू जातो, अक्षरं बोथट होत जातात. नाव गेलं की उरते ती सराफाच्या काट्यावरची चांदी.

म्हणून वस्तू दारातून आत आली की आधी नोंदवही. कुणी आणली, त्यांच्याकडे कुठून आली, आणि कायमची दिली की नुसती ठेवायला दिली? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचार आणि सही घे. आजोबा प्रेमाने देऊन जातात, पुढे नातू मागायला येतो. फोटोच्या मागे क्रमांक मऊ पेन्सिलीने घाल, बॉलपेनने नाही. सनद लॅमिनेट करून आणतो म्हणणाऱ्याला तिथेच अडव. ते प्लॅस्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. पावसाळ्यात लोकरी ग्रेटकोटाला कसर लागली, तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये. डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही.

कपाटात एक लोखंडी दांडा आहे. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात, कलादान खोऱ्यात, हवालदार उमराव सिंग दारूगोळा संपल्यावर तोफेच्या असल्याच दांड्याने लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. पोरांना ही गोष्ट जरूर सांग. पण ‘हाच तो दांडा’ असं लेबल लावायचा मोह मोठमोठ्यांना होतो. आपला दांडा तसा आहे, तो नव्हे. तसंच लिही. एक खोटं लेबल सापडलं की लोक बाकीच्या खऱ्यांवरही शंका घेतात.

पिशवीतून कुणी तोफगोळा किंवा त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, घेऊन आलं, तर ‘निकामी आहे हो’ यावर विश्वास ठेवू नकोस. हात लावायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं, ११२ ला फोन. नोंदवही नंतर.

२८ सप्टेंबरला गर्दी होईल. १८२७ साली याच दिवशी बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली, म्हणून हा गनर्स डे, तोफखान्यातल्या सैनिकांचा दिवस. जुने गनर घरच्यांना घेऊन येतात, पंचवीस पाउंडर तोफेपाशी उभे राहतात. फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी माग. ‘किती मारले?’ हा प्रश्न प्रेक्षक विचारतात, तू विचारू नकोस. ‘तोफेवर कितव्या नंबरला होतात?’ असं विचार. एक नंबर म्हणजे तुकडीचा म्होरक्या, तीन नंबर नेम धरणारा. हा प्रश्न ऐकला की माणूस आपोआप आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो आणि हातांनी दाखवत बोलू लागतो. फोनची बॅटरी पूर्ण चार्ज करून आण.

तुझा,
काका