रिअ‍ॅक्ट, अँग्युलर की व्ह्यू?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून ग्रंथालयासाठी वेब सॉफ्टवेअर करतोय. पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, परतीची आठवण करून द्यायची. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर की व्ह्यू, यांपैकी स्क्रीन बनवायला जावास्क्रिप्टचं कोणतं टूल घ्यायचं यावर आमचं एकमत होत नाही. सर म्हणतात, जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी पुरे. चुकीचं शिकले तर वर्ष वाया जाईल का?

उत्तर : वर्ष वाया जाणार नाही, काळजी करू नकोस. ही सगळी टूल्स ज्या भाषेवर उभी आहेत, ती मूळ जावास्क्रिप्ट मात्र कच्ची ठेवून चालणार नाही.

गूगलनं २०१० मध्ये अँग्युलरजेएस आणलं. २०१६ मध्ये ते ‘अँग्युलर’ नावानं मुळापासून नव्यानं लिहिलं आणि जुना कोड नव्यावर जसाच्या तसा चालेना. २०२१ अखेर जुन्याचा सपोर्टही संपला. ज्यांची भाषा पक्की होती, त्यांना अशा वेळी पुढचं शिकणं जड जात नाही. नुसती त्या टूलची रीत पाठ असणाऱ्यांना मात्र पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

आता तुमचा प्रोजेक्ट. सर म्हणतात त्यात तथ्य आहे, चार साध्या पानांना जेक्वेरी पुरतं. पण ते आलं २००६ मध्ये, प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती तेव्हा. त्यातली बरीच सोय आता ब्राउझरमध्येच आहे. शिवाय तुमच्याकडे एक पुस्तक राखलं की यादीतली शिल्लक, वरचा आकडा आणि बटण, तिन्ही बदलणार. जेक्वेरीत ही तिन्ही ठिकाणं तुम्ही हातानं बदलायची, एखादं राहून गेलं की स्क्रीन खोटं बोलते. रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यूमध्ये डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलते. एवढ्यासाठीच मी या दोघांच्या बाजूनं आहे. अँग्युलर भक्कम आहे, राउटिंग (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं ते), फॉर्म सगळं सोबत येतं. पण डेटाचे प्रकार तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्ट भाषेसकट सुरुवातीलाच खूप शिकावं लागतं. मोठ्या टीमला ते फळतं. तुमच्या हाताशी तेवढा वेळ नाही.

दोघांतलं कोणतं, हे वाद घालून ठरणार नाही. शोधाची स्क्रीन तुमच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात अवघड. दोघांनी ती रिअ‍ॅक्टमध्ये करा, दोघांनी व्ह्यूमध्ये. दोन दिवस द्या, जास्त नको. आणि एक गोष्ट मुद्दाम तपासा. कुणी ‘इति’ टाइप केलं, मग लगेच ‘इतिहास’. पहिल्या शोधाचं उत्तर उशिरा आलं, तर ते दुसऱ्याच्या निकालावर जाऊन बसतं आणि वाचकाला भलतीच यादी दिसते. हे कोणतंही टूल आपणहून सावरत नाही. जुनी विनंती रद्द करायला ब्राउझरमध्ये ‘अबॉर्ट कंट्रोलर’ आहे, तो वापरायचा की उशिरा आलेलं उत्तर टाकून द्यायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मुलाखतीत मला अशाच गोष्टी ऐकायला आवडतात!

नोकरीचं म्हणशील, तर जाहिरातींत रिअ‍ॅक्टचं नाव सर्वाधिक दिसतं. म्हणून दोन्ही कोड सारखेच जमले, तर रिअ‍ॅक्ट घ्या. व्ह्यूचा कोड चौघांनाही पटकन वाचता आला, तर बिनधास्त व्ह्यू घ्या. त्या दोन दिवसांत काय पाहिलं आणि काय नाकारलं, ते प्रोजेक्टच्या अहवालात एका पानावर लिहा आणि आधी सरांना दाखवा.