‘मानसशास्त्र घेतलंस ना, मग माझ्या मनातलं सांग बघू!’

कॉलेजं सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की दरवर्षी एकाच विषयावरच्या पत्रांचा ढीग येतो, तसा यंदाही आलाय, म्हणून आजचं सगळं सदर मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरवाल्यांना देऊन टाकते.

प्रश्न : ताई, मला लोकांच्या स्वभावात खूप इंटरेस्ट आहे, मैत्रिणी सगळं मलाच येऊन सांगतात, म्हणून मोठ्या हौसेनं सायकॉलॉजी घेतलं. पण वर्गात काय तर न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या पेशी, मग उंदीर, कुत्रे, मग स्टॅटिस्टिक्स! जे थोडंफार माणसांबद्दल आहे ते तर कॉमन सेन्सच वाटतं. विषय बदलू का?

उत्तर : थांब जरा, घाई नको. तुझी फसवणूक झाल्यासारखं तुला वाटतंय ते मला कळतं, पण तू जो विषय मनात धरून आलीस तो आणि हा विषय यांची फक्त नावं सारखी आहेत. विल्हेल्म वुंट या मानसशास्त्रज्ञानं १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून या विषयाचा जन्म सांगतात आणि तिथे काय चालायचं तर दिवा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते मोजणं. म्हणजे विषय जन्मालाच आला तो घड्याळ हातात धरून, आपण मात्र त्याच्याकडे खांद्यावर डोकं ठेवून रडता येईल म्हणून जातो.

आता कॉमन सेन्सचं. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय’ यावर आपण सगळेच डोळे झाकून विश्वास ठेवतो की नाही? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. ‘गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा’ असं विचारलं त्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल, आणि ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं त्यांचा ३१.८. फिल्म त्याच हं. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी आठवड्यानं लोकांना परत बोलावून विचारलं की फुटलेली काच दिसली होती का, तर ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, आणि साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जण. काच फुटलेलीच नव्हती! हे कॉमन सेन्सनं कळलं असतं का तुला? मला तरी नसतं कळलं. आणि तो कंटाळवाणा स्टॅटिस्टिक्स तिथेच लागतो, कारण १६ आणि ७ मधला फरक खरा की योगायोगाचा हे ठरवायला दुसरं काहीच नाही आपल्याकडे.

तेव्हा निदान हे सेमिस्टर पूर्ण कर. त्यानंतरही आकडे नकोसेच वाटले तर खुशाल बदल, त्यात काही कमीपणा नाही. मैत्रिणी काय, तू कुठलाही विषय घेतलास तरी येऊन सांगणारच आहेत.

प्रश्न : मी प्रत्येक चॅप्टर चार-चार वेळा वाचतो, हायलायटर मारून मारून पुस्तक पिवळंधमक झालंय, वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपर हातात आला की पाटी कोरी. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर : नाही रे बाबा, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, पद्धत चुकतेय. आणि गंमत अशी की तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पुस्तकात मेमरीच्या चॅप्टरमध्ये असणार, पिवळं केलेलं!

चौथ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं आपण धरून चालतो. पण परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं, ही दोन वेगळी कामं आहेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक दोनदा वाचायचा, दुसरा एकदाच वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेला उतारा पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर घेतली तर लिहून काढलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के आठवत होतं आणि दोनदा वाचलेल्यातलं ४२. म्हणजे परीक्षेच्या आदल्या मिनिटाला जे कामी येतं तेच तू महिनाभर करत बसलायस.

तर असं कर. दोन-तीन पानं वाच, पुस्तक मीट, नुसतं उलटं ठेवू नकोस, खरंच लांब ठेव, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. पहिल्यांदा चारच ओळी येतील आणि स्वतःची लाज वाटेल, वाटू दे. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं भर. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्यानं पुन्हा. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सगळ्यात वेगानं होतं ते सुरुवातीच्या काही तासांत, नंतर त्याचा वेग मंदावतो, त्यामुळे पहिली उजळणी फार लांबवू नकोस. हायलायटर मित्राला देऊन टाक.

प्रश्न : निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षाच ना? मी तसं लिहिलं तर सरांनी काट मारली.

उत्तर : सरांनी बरोबर केलं, आणि पहिल्या वर्षी मीही हेच लिहून दोन मार्क घालवलेत, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस. इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट असं नाहीच. बेरीज आणि वजाबाकी समज. कारमध्ये बसल्यावर पट्टा लावेपर्यंत ते टीं-टीं वाजत राहतं, पट्टा लावला की बंद. नकोशी गोष्ट वजा झाली आणि पट्टा लावण्याची सवय वाढली, हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. रिइन्फोर्समेंट कुठलीही असो, वागणं वाढतं. शिक्षेनं वागणं कमी होतं. उत्तर लिहायच्या आधी एवढंच विचार, वागणं वाढलं का कमी झालं, आणि काहीतरी आलं का गेलं. चार पर्याय आपोआप सुटतात.

प्रश्न : आमच्या पुस्तकात स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग दोन पानं भरून दिलाय आणि मॅडम म्हणतात त्यावर फार विसंबू नका. मग शिकायचं तरी कशाला?

उत्तर : मॅडम चांगल्या मिळाल्यात तुला. १९७१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना कैदी आणि काहींना पहारेकरी करून खोटा तुरुंग थाटला होता. पहारेकरी झालेले विद्यार्थी आपोआप क्रूर झाले असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण नंतर जुनी कागदपत्रं आणि टेप तपासल्यावर दिसलं की कडक वागा असं त्यांना बरंचसं सुचवलेलं होतं. आणि हा एकटाच नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर साधारण ३६ टक्क्यांमध्येच ठोस निकाल परत मिळाला. काहींना हे ऐकून विषयावरचा विश्वास उडाल्यासारखं होतं, माझा उलट बसला, कारण आपलंच घर झाडून कचरा चारचौघांत दाखवायला धाडस लागतं. पेपरात प्रयोग लिहिशील तेव्हा त्यावरची टीकाही चार ओळींत लिही.

प्रश्न : माझं वय ४३, मुलं मोठी झाल्यावर आता शिकायला घेतलंय. मानसिक आजारांचा चॅप्टर वाचायला लागले आणि प्रत्येक आजार मलाच झालाय असं वाटतंय. चिंता, नैराश्य, ओसीडी (तेच ते विचार नि तीच ती कृती करत राहण्याचा आजार), सगळी लक्षणं जुळतात!

उत्तर : आधी अभिनंदन, या वयात पुन्हा वही उघडणं सोपं नाही. तुम्हाला जे होतंय ते वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांना इतक्या वेळा होतं की त्याला ‘मेडिकल स्टुडंट सिंड्रोम’ असंच म्हणतात. लक्षणं सगळ्यांचीच थोडीथोडी जुळतात, कारण काळजी, उदासी, दोनदा कुलूप बघणं हे माणसाचंच वागणं आहे. निदान करताना ते किती दिवस टिकलंय आणि त्यानं रोजची कामं, झोप, नाती किती अडतायत हे बघतात, आणि नेमकी तीच ओळ आपण वाचताना गाळतो. मात्र खरंच आठवडेच्या आठवडे अडत असेल तर पुस्तकाशी ताडून बघत बसू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पहिला पेपर पास झालेली मी तुमचं निदान करू नये आणि तुम्हीही घरच्यांचं करू नका हं, तो मोह पुढच्याच चॅप्टरला होणार आहे.

प्रश्न : सायकॉलॉजी घेतलंय म्हटलं की प्रत्येक जण म्हणतो, माझ्या मनातलं सांग! काय बोलावं?

उत्तर : बोलू नकोस, खेळ दाखव. एका कागदावर लिही : पलंग, उशी, स्वप्न, घोरणं, जांभई, अंथरूण, थकवा, पांघरूण, पहाट, गजर, डुलकी, अंगाई. हळू आवाजात एकदाच वाचून दाखव आणि मिनिटभर इकडचं तिकडचं बोल. मग विचार, यादीत ‘उशी’ होता का? हो. ‘खिडकी’? नाही. आणि ‘झोप’? बरेच जण ठामपणे हो म्हणतील, एखादा तर तुझ्या आवाजात ऐकल्याचंही सांगेल. भांडू दे दोन मिनिटं. मग कागद त्याच्या हातात दे.