चार तासांच्या खासगी बोटीत मासेमारी आणि स्नॉर्कलिंग दोन्ही होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की सुट्टीत बेटावर जाताय, बरोबर बायको, ७ आणि १२ वर्षांची मुलं आणि सासू-सासरे, मासेमारी कुणीच कधी केलेली नाही, तर हाफ डे प्रायव्हेट चार्टर (अर्ध्या दिवसासाठी फक्त आपल्यालाच भाड्याने मिळणारी बोट) घ्यावी की शेअर बोटीत बसावं, आणि चार तासांत मासेमारी आणि स्नॉर्कलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) या दोन्ही गोष्टी खरंच होतात की नुसतं जाहिरातीत.

होतात. आम्ही घरचे सगळे मिळून असं बऱ्याचदा गेलोय त्यामुळे अनुभवावरून सांगतो. फक्त ते चार तास म्हणजे धक्का सोडल्यापासून परत धक्क्याला लागेपर्यंतचे चार तास, त्यात जायला अर्धा तास, मासेमारीच्या जागेवरून रीफपर्यंत (म्हणजे प्रवाळाच्या पट्ट्यापर्यंत) वीस-पंचवीस मिनिटं, परतीचा अर्धा तास, मध्ये पायात फिन्स (पोहायचे पंख) चढवा, मास्क बदला, कुणाला तरी बाथरूमला जायचंय, असं करत करत हातात उरतात अडीच तास. त्या अडीच तासांत दोन्ही सारखंच करायला गेलात की मासे चावायला लागले तेव्हाच कॅप्टन दोऱ्या गुंडाळतो आणि पाण्यात उतरून जरा श्वास बसतोय तोवर वर बोलावतो. म्हणून बुकिंगच्या आधीच घरात ठरवा की मुख्य काय आणि तोंडी लावायला काय, आणि कॅप्टनला ते स्पष्ट सांगा, बिचारा त्याप्रमाणे जागा निवडतो. तुमच्या घरातली माणसं बघता मी तरी स्नॉर्कलिंग मुख्य ठेवेन आणि मासेमारी तासाभराची.

प्रायव्हेट की शेअर, तर प्रायव्हेट, डोळे झाकून. महाग पडते हे खरंय, पण शेअर बोटीत सात वर्षांच्या मुलाचा मास्क गळतोय म्हणून कुणी थांबत नाही, रॉड पाळीपाळीने मिळतो आणि नेमका मासा लागला तेव्हा पाळी दुसऱ्याची असते, शिवाय सासूबाईंना उलटीसारखं झालं तर बोट वळवायची सोय नाही, अनोळखी लोकांचे पैसे त्यात असतात ना. तुम्ही सहा जण आहात हे एक बरं आहे कारण बऱ्याच छोट्या चार्टर बोटी सहाच प्रवासी घेतात, अमेरिकेत तर अशा बोटींच्या कॅप्टनच्या लायसन्सला सरळ 'सिक्स पॅक' म्हणतात. कुणी 'सात-आठ बसतील हो, चालतं' म्हणालं तर ती बोट सोडून द्या, जो माणसांच्या आकड्यात ढिला तो लाइफ जॅकेटच्या आकड्यातही ढिला असतो असं माझं मत.

आता मासेमारी. यात मुख्य दोन प्रकार मिळतील. एक ट्रोलिंग, म्हणजे बोट साधारण ६-८ नॉटने (ताशी ११-१५ किलोमीटरने) चालत राहते, मागे लांबवर चार-पाच दोऱ्यांना खोटी आमिषं लावलेली असतात आणि तुम्ही काहीच करत नाही, बसून राहता. माही-माही, वाहू (आपल्या सुरमईच्याच कुळातला), ट्यूना हे मासे असे मिळतात. अर्धा तास काहीच नाही, पाऊण तास काहीच नाही, मुलं कंटाळून लोळायला लागतात आणि मग एकदम रील (दोरी गुंडाळायची फिरकी) किंचाळते, खलाशी धावतो, कुणाच्या तरी हातात रॉड कोंबला जातो आणि पुढची दहा मिनिटं बोटीवर लग्नघर होतं. माही-माही निघाला तर मुलांना लगेच जवळ बोलवा, पाण्यातून बाहेर येताना तो सोनेरी-हिरवा-निळा असा झगमगतो आणि मेल्यावर थोड्याच वेळात तो सगळा रंग उतरून राखाडी पडतो, फोटोत ते पकडताच येत नाही. हा मासा तरंगत्या वस्तूंच्या सावलीत राहतो, त्यामुळे कॅप्टन समुद्रात एखादा ओंडका किंवा शेवाळाचा तुकडा दिसला की बोट तिकडे वळवेल, पक्षी एका जागी झडप घालताना दिसले तरी वळवेल. दुर्बीण नेलीत तर मुलांना हे पक्षी शोधायचं काम द्या, कंटाळा निम्मा होतो.

दुसरा प्रकार तळाची मासेमारी. बोट थांबवायची किंवा वाहू द्यायची, गळाला आमिष आणि शिसं लावून दोरी खाली सोडायची आणि बोटाला टकटक जाणवली की वर ओढायची. मासे छोटे, स्नॅपर वगैरे, पण एकामागून एक येतात आणि दोरी स्वतःच्या हातात असते, मुलांना त्यातच मजा. हाफ डे आणि पहिल्यांदाच असाल तर हाच प्रकार मागा. ट्रोलिंगचा हट्ट तेव्हाच करा जेव्हा खोल पाणी किनाऱ्याजवळ आहे. काही बेटांना दोन-चार किलोमीटरवरच समुद्र एकदम खोल होतो, तिथे जमतं, पण उथळ पाणी लांबवर पसरलंय तिथे चार तासांतला निम्मा वेळ जाण्यायेण्यातच जाईल. 'निळं पाणी (म्हणजे खोल समुद्र) किती मिनिटांवर आहे' हा एकच प्रश्न फोनवर विचारा, बोट किती फुटी, इंजिन किती हॉर्सपॉवर असल्या माहितीपेक्षा त्या उत्तराने जास्त कळतं.

सकाळचीच वेळ घ्या, दुपारची स्वस्त दिली तरी नको. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाण्यावर चांगल्यापैकी लाटा उठतात, पावसाचे ढगही उष्ण प्रदेशात बहुतेक दुपारनंतर जमतात. आणि आधी मासेमारी, नंतर स्नॉर्कलिंग. पहाटे मासे जास्त खातात हे एक, आणि दहाच्या पुढे सूर्य वर आला की उजेड सरळ पाण्यात उतरतो त्यामुळे खालचं प्रवाळ, मासे सगळं उजळून दिसतं. जिथे आमिष टाकलं, मासे कापले, तिथेच पाण्यात उतरायचं मात्र अजिबात नाही, रक्ताच्या वासाने मोठे मासे येतात, शार्कही. चांगला कॅप्टन स्वतःच जागा बदलतो, नाही बदलली तर तुम्ही सांगा, भीड नको.

बोट लागणे हा खरा मुद्दा आहे आणि लोक तो हसण्यावारी नेतात. गाडी लागत नाही म्हणजे बोट लागणार नाही असं काही नसतं, चालत्या बोटीत निभावतं पण मासेमारीसाठी थांबलेल्या बोटीचं डुलणं वेगळंच, त्यात डिझेलचा धूर आणि आमिषाचा वास. मेक्लिझिनसारखी गोळी निघण्याआधी तासभर तरी पोटात गेलेली हवी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही कारण ती टिकतच नाही. १२ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि सासऱ्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांच्यासाठीही विचारा, शिवाय या गोळ्यांनी झोप येते. उपाशी जाऊ नका आणि तेलकट भरपेट खाऊनही जाऊ नका. बसायला बोटीचा मध्य ते मागचा भाग, तिथे हलणं कमी, पुढच्या टोकाला फोटो छान येतात पण उसळी सगळ्यात जास्त. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलं, आणि आत केबिनमध्ये जाऊन आडवं पडतो म्हणणाऱ्याला आधी बाहेर काढा. झालीच उलटी तर वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून नको, एवढं सांगून पुढे जातो.

स्नॉर्कलिंगला मास्क. बोटीवर मिळतो पण कुणाच्या चेहऱ्याला कुठला बसेल सांगता येत नाही, त्यामुळे धक्क्यावरच, बोट सुटायच्या आधी, प्रत्येकाने बघा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने थोडा श्वास आत ओढायचा, हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मुलांना मुलांच्याच मापाचा लागतो, मोठ्यांच्या मास्कचा पट्टा आवळून काही होत नाही उलट जास्त गळतो. सासऱ्यांना भरघोस मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरणार, मिशी काढा असं जावयाने सांगावं की नाही ते तुम्ही ठरवा. काचेवर वाफ धरते त्यावर थुंकी चोळून हलकं विसळणं हा उपाय किळसवाणा वाटतो पण अजून तरी मला त्याहून बरा सापडला नाही. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मिळतात ते मी घरच्यांना देत नाही, आत सोडलेला श्वास नीट बाहेर गेला नाही तर तोच परत घेतला जातो आणि घाबरल्यावर तो झटकन काढताही येत नाही.

पोहता येत असलं तरी पहिल्या वेळी तरंगायचं जॅकेट सगळ्यांनी घालाच. पाणी २७-२८ अंश म्हणजे कोमट वाटेल पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं, अर्ध्या तासात बारक्या मुलाचे ओठ निळे पडतात, त्याला पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घाला. त्याचा दुसरा फायदा म्हणजे पाठ भाजत नाही. पालथं तरंगताना पाठ, मानेची मागची बाजू आणि गुडघ्यामागचा भाग पूर्ण वेळ उन्हात असतो आणि पाण्यामुळे कळतही नाही, रात्री कळतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं न्या. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने २०२० पासून बंदी घातलीय, हवाईतही ते २०२१ पासून विकायला बंद आहे कारण त्याने प्रवाळाला इजा होते, तुम्ही जाताय तिथला नियम आधी बघून घ्या नाहीतर घरून नेलेली बाटली पिशवीतच राहायची. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, तो जिवंत असतो आणि त्याने कापलेलं लवकर भरतही नाही. परत बोटीवर चढायची शिडी आधी बघून ठेवा, नीट पाण्यात खाली उतरणारी नसेल तर सासू-सासऱ्यांना फार जड जातं. त्यांना हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर उतरण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि हो, पाण्यात सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं, त्यामुळे मुलगा 'एवढ्ढा मासा' असं हात पसरून सांगेल तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

पकडलेला मासा कुणाचा, हे निघायच्या आधी विचारा. काही ठिकाणी सगळा तुमचा, काही ठिकाणी, हवाईत तर बऱ्याच बोटींवर, मोठा मासा बोटीचा आणि तुम्हाला त्यातला तुकडा, आणि हे नंतर कळलं की विनाकारण वाद होतात. लायसन्सचंही विचारा, बहुतेक वेळा बोटीच्या लायसन्समध्ये प्रवासी येतात पण सगळीकडे नाही. राखीव सागरी भागात गळ टाकायचाच नसतो, आणि पोपट मासा म्हणजे पॅरटफिश गळाला लागला तर सोडा, तो प्रवाळावरचं शेवाळ खाऊन रीफ साफ ठेवतो, मध्य अमेरिकेतल्या बेलीझने २००९ पासून तो पकडायलाच बंदी केलीय.

खायचा विचार असेल तर जरा नीट ऐका. रीफवरचे मोठे शिकारी मासे, खासकरून बाराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर, यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालापासून ते सुरू होतं, छोटा मासा ते खातो, मोठा त्याला खातो आणि विष वरवर साठत जातं. या विषाला ना वास ना चव, शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. उलट्या-जुलाब होतात, तोंडाला मुंग्या येतात आणि काहींना थंड वस्तू हाताला चटका बसल्यासारखी लागते. स्थानिक कॅप्टनला कुठल्या रीफवरचा कुठला मासा खायचा नाही हे पक्कं ठाऊक असतं, तो 'हा सोडून देऊ' म्हणाला तर फोटो काढा आणि सोडा. माही-माही, वाहू, ट्यूना खोल पाण्यातले, त्यांना हा धोका सहसा नसतो, पण ट्यूना आणि माही-माही पकडल्याबरोबर बर्फात गेले पाहिजेत, उन्हात पडून राहिले तर त्यात हिस्टामीन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि तेही शिजवून जात नाही. बोटीवर बर्फाची पेटी भरलेली आहे का ते चढतानाच बघा.

खाऊ घेताना केळी नेऊ नका. गंमत करत नाहीये, बोटीवर केळं म्हणजे मासे मिळणार नाहीत असं मानणारे कॅप्टन खूप आहेत आणि त्या दिवशी काहीच लागलं नाही तर खापर तुमच्या पिशवीवर.

आणि बुकिंग सुट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं करा, शेवटच्या दिवसाचं नको. हवा बिघडली की कॅप्टन ट्रिप रद्द करतो, करायलाच हवी, मग पुढची तारीख द्यायला तुमच्याकडे दिवस शिल्लक असले पाहिजेत. हवेमुळे रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की फक्त तारीख बदलून, हे मेसेजवर लिहून घ्या, फोनवर बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.