पहिल्याच घरासाठी हार्ड मनी लोन मिळेल का?

हो, मिळतं. हार्ड मनी लोन म्हणजे घर तारण ठेवून खाजगी लेंडरकडून मिळणारं, थोड्या मुदतीचं, महागडं कर्ज. न्यू जर्सीत नोकरी, ओहायोत पडीक घर घेऊन दुरुस्त करून विकायचंय, अनुभव शून्य, असं तुम्ही लिहिलंय. लेंडरला यातल्या नोकरीशी फारसं देणंघेणं नसतं. घर कितीला पडतंय आणि तुमच्या खात्यात रोख किती आहे, हे तो आधी बघतो.

एक उदाहरण घ्या. घर १,६०,००० डॉलरचं, दुरुस्ती ५०,०००, दुरुस्तीनंतरची किंमत, म्हणजे एआरव्ही, २,६०,०००. लेंडर म्हणतो, खरेदीचे ८५ टक्के देतो आणि दुरुस्तीचे शंभर टक्के. झाले १,८६,०००. ऐकायला झकास! पण एकूण कर्ज एआरव्हीच्या ७० टक्क्यांवर जाणार नाही, अशीही अट बहुधा असते. मग मिळणार १,८२,०००च. उरलेले २८,००० तुमचे. वर लेंडरची फी दोन पॉइंट, म्हणजे कर्जाच्या दोन टक्के, ३,६४०. पूर्ण रक्कम उचलली की १२ टक्क्यांनी महिन्याला १,८२० नुसतं व्याज. विमा, प्रॉपर्टी टॅक्स, टायटलचा, म्हणजे मालकीहक्क तपासण्याचा, खर्च वेगळा. शिवाय दुरुस्तीचे पैसे एकरकमी हातात येत नाहीत. आधी काम, मग इन्स्पेक्टर येऊन बघणार, मग ड्रॉ, म्हणजे झालेल्या कामाचे पैसे, सुटणार. कॉन्ट्रॅक्टरचा पहिला हप्ता तुमच्याच खिशातून. खात्यात ५०,०००च्या आसपास नसतील तर याहून स्वस्त घर बघा.

अनुभव नाही, तर निदान कागद चोख हवेत. ‘किचन-बाथरूम ३०,०००’ असं मोघम नको. छप्पर, फर्नेस, वायरिंग, प्लंबिंग, प्रत्येकाचा खर्च वेगळ्या ओळीत, खाली कॉन्ट्रॅक्टरची सही. सोबत जवळपास नुकतीच विकलेली तीन घरं दाखवा, पण खरोखर तुमच्या घरासारखी. दोन बेडरूमच्या घराला चार बेडरूमवाल्याचा भाव लावलात, तर घराची किंमत ठरवणारा अप्रेझर एआरव्ही खाली आणतो आणि वरचं सगळं गणित कोसळतं.

क्रेडिट स्कोअर ६६०च्या वर असला की बरं. कर्ज बहुधा एलएलसीच्या, म्हणजे तुमच्या छोट्या कंपनीच्या, नावावर घ्यावं लागतं, तरी वैयक्तिक हमी तुमचीच. त्या घरात स्वतः राहायचा विचार असेल तर हे कर्ज विसरा.

मुदत साधारण १२ महिने. तेवढ्यात विकलं नाही तर काय, हे लेंडर विचारतोच. तिथलं भाडं किती येतं ते आधीच काढून ठेवा. भाड्यातून हप्ता निघत असेल तर डीएससीआर कर्ज, म्हणजे घराच्या भाड्याच्या जोरावर मिळणारं लांब मुदतीचं कर्ज, घेऊन हे फेडता येतं. अप्रेझलची फी बहुतेक जण घेतात, पण टर्म शीट, म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, द्यायच्या आधीच कोणी ‘मंजुरीची हमी’ म्हणून पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.