सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दुकानातलं हिशेबाचं टॅली विश्रामबागच्या घरून कसं चालवावं?

डेटाचं फोल्डर शेअर करून घरच्या टॅलीत उघडू नका. आमच्या हळदीच्या पेढीवर हा उद्योग करून झालाय; ऐन सौद्याच्या दिवशी नेट तुटलं आणि बिघडलेला डेटा दुरुस्त करण्यात रात्र गेली. टॅली दुकानातल्याच मशीनवर चालू द्या, घरून रिमोट डेस्कटॉपने फक्त तिथली स्क्रीन वापरा. मात्र त्यासाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) थेट उघडायचा नाही, चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखं होतं. त्याऐवजी वायरगार्ड टाका, म्हणजे घर आणि दुकान जोडणारं खासगी व्हीपीएन; दुकानाच्या नेटला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नसेल तर त्याच जातीचं टेलस्केल सोपं पडतं. विंडोज प्रो एका वेळी एकालाच घेतं, म्हणजे तुम्ही घरून शिरलात की दुकानात दिवाणजींची स्क्रीन लॉक! दोघांना त्याच मशीनवर एकदम काम करायचं असेल तर विंडोज सर्व्हर, त्याची लायसन्सं आणि टॅली गोल्ड (अनेकांनी एकदम वापरायचं टॅली) लागेल. आणि दुकानातली लाइट गेली की सगळंच बंद, म्हणून यूपीएस आधी घ्या, बाकी नंतर.